अखंड ध्वनीचे तुकडे

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे वक्ते बहुधा यंत्रांची आणि गवयांची नावे घेतात. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, बर्लिनरचे ग्रामोफोनचे पेटंट १८८७ चे, अमुक खाँसाहेबांची पहिली रेकॉर्ड तमक्या सालची. ही जंत्री उपयोगाची आहे. पण तिच्यातून एक साधा प्रश्न निसटतो. गाणे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे ठरविले कोणी? आज आम्ही यंत्रांचा नव्हे, तर ह्या हद्दीचा इतिहास सांगणार आहोत.

त्याला निमित्त आहे ते अगदी आजचे. पुष्कळ रसिकांच्या संगणकात हल्ली एका संपूर्ण ध्वनिमुद्रिकेची एकच मोठी फाइल असते. ती ‘फ्लॅक’ ह्या पद्धतीने दाबलेली, म्हणजे जागा कमी व्हावी म्हणून आवळलेली, पण आवाजातला एकही कण न गाळलेली असते. तिच्या जोडीला काही ओळींची एक चिठ्ठी असते. तिला ‘क्यू शीट’ म्हणतात. फाइलीत तासभराचा आवाज आहे, पण नाव एकाही गाण्याचे नाही. चिठ्ठीत नावे आहेत, वेळा आहेत, पण आवाज नाही. ह्या दोहोंच्या मेळाने एकेक गाणे वेगळे कसे काढावे, असा प्रश्न आम्हांस तरुण मंडळी विचारतात, आणि कारागिराला विचारावा तसा विचारतात. आमच्या मते हा अर्धा प्रश्न कारागिरीचा आहे आणि अर्धा इतिहासाचा. इतिहासाचा अर्धा भाग ठाऊक नसला, तर कारागिरीत चूक होते ती नेमकी तेथेच.

पहिली हद्द कोणा माणसाने घातलेली नाही. ती पदार्थाने घातली. एडिसनच्या काळच्या मेणाच्या नळकांड्यावर दोनेक मिनिटांपलीकडे आवाज मावत नसे. पुढे बर्लिनरची चपटी तबकडी रूढ झाली. ती लाखेची, आणि लाख बव्हंशी आपल्याच देशातून जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे, बारा इंचीस चार-साडेचार. तेवढ्यात जे बसेल ते गाणे, आणि न बसेल ते रेकॉर्डपुरते तरी नाहीच.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान ह्या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. त्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना शेवटची गंमत ठाऊक असेल. गाणे संपता संपता बाई इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. ह्याचे कारण असे सांगतात की, मुद्रणाचे साचे तेव्हा जर्मनीत हॅनोव्हर येथे जात, आणि तेथील कारागिरांना हा आवाज कोणाचा हे कळण्यास दुसरा भरवशाचा मार्ग नव्हता. लिहिलेला कागद वाटेत गळू शकतो; बोललेले नाव गाण्याच्या अंगालाच चिकटलेले. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदा येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, छापील लेबलांची शिस्त बसली आणि ही घोषणा हळूहळू मागे पडली. ह्या नावाची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. आवाज आणि त्याची ओळख एकाच खाचेत कोरलेली होती, असा तो काळ होता.

तीन मिनिटांच्या त्या कुंपणाने आपल्या संगीताचे नुकसान केले की भले केले, ह्यावर पुष्कळ वाद झडले आहेत. रंगभूमीवर बालगंधर्वांचे पद ‘वन्स मोअर’ घेत घेत कोठवर जाई ह्याच्या कथा आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस सांगितल्या; त्याच पदाची रेकॉर्ड लावावी तर पिन शेवटच्या खाचेत जाऊन खरखरू लागते आणि ऐकणारा अजून बैठक सावरीत असतो. उलट खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकल्या की वाटते, ह्या माणसाने कुंपणाचाच राग केला. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत. तरी त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती जुन्या तबकडीच्या मापाचीच. वाद काहीही असो. एक मात्र खरे, की त्या काळी तुकडे पाडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. एक बाजू म्हणजे एक गाणे. हद्द हाताला लागत होती.

‘आल्बम’ हा शब्दही ह्याच काळातला. छायाचित्रे चिकटवावयाच्या वहीसारखी जाड पानांची पुस्तके निघाली. प्रत्येक पान म्हणजे एक खिसा, आणि खिशात एक तबकडी. १९०९ मध्ये ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची ‘नटक्रॅकर’ ही रचना चार तबकड्यांच्या संचात काढली. युरोपीय सिंफनीचा एकेक भाग दहा-बारा मिनिटे चाले, तेव्हा तो मधेच तोडणे आले. ऐकणाऱ्याने उठावे, बाजू पालटावी, पुन्हा बसावे. तेथे हद्द पडली ती रचनेला न विचारता. संगीत अखंड आणि पदार्थ तुटक, ह्या भांडणाचा हा पहिला उघड प्रसंग.

१९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला साडेतेहतीस नव्हे, नेमक्या तेहतीस आणि एकतृतीयांश फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मावू लागली. आपल्या संगीताला हे केवढे वरदान, हे १९५५ मध्ये दिसून आले. त्या साली अली अकबर खाँ यांचे सरोदवादन न्यूयॉर्क येथे मुद्रित झाले, आणि एका बाजूस एक राग पुरा मांडता आला. पण जेथे एका बाजूस सहा-सात गाणी असत, तेथे नवी अडचण आली. गाणे शोधावयाचे कसे? त्यावर उपाय असा काढला की, दोन गाण्यांच्या मधे खाचा विरळ कापावयाच्या. काळ्या तबकडीवर तेवढी जागा उजेडात चकाकते आणि पिन तेथे अलगद ठेवता येते. हद्द आता पदार्थाची गरज उरली नाही. ती एक खूण झाली.

आणि खूण म्हटली की ती पुसण्याची इच्छा होणारच. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ ह्या ध्वनिमुद्रिकेत बीटल्स मंडळींनी गाण्यांमधल्या ह्या पट्ट्या ठेवल्या नाहीत. दोन वर्षांनी त्यांच्याच ‘ॲबी रोड’मध्ये याहून मौजेची गोष्ट घडली. दुसऱ्या बाजूस निरनिराळी गाणी सांधून एक लांब माळ केली होती. तिच्यातले ‘हर मॅजेस्टी’ हे तेवीस सेकंदांचे गाणे मॅकार्टनींना रुचेना, म्हणून ते कापून काढले. जॉन कर्लँडर ह्या तरुण साहाय्यकाला, काहीही फेकावयाचे नाही, अशी ताकीद होती. त्याने तो तुकडा फितीच्या शेपटाला जोडून ठेवला आणि तो तसाच प्रसिद्ध झाला. आज ते गाणे ऐकावे तर आरंभी आधीच्या गाण्याचा शेवटचा ठोका ऐकू येतो, आणि त्याचा स्वतःचा शेवटचा स्वर मात्र त्यात नाही. तो तिकडे माळेतच राहून गेला. कात्री एका केसाने इकडची तिकडे झाली की काय होते, ह्याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता आपण सीडीपाशी आलो. जपानात १९८२ च्या १ ऑक्टोबरला ती विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यास आणि चौऱ्याहत्तर मिनिटांची मर्यादा. हे माप बेथोव्हेनची नववी सिंफनी पुरी बसावी म्हणून ठरविले अशी एक गोड कथा आहे. त्या कामातल्या अभियंत्यांपैकी कीस इमिंक यांनीच तिच्याविषयी शंका घेतली असल्याने आम्ही ती कथेच्याच खणात ठेवतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळे. सीडीवर आवाजाची खाच नाही, आकड्यांची ओळ आहे. प्रत्येक सेकंदाला, डाव्या व उजव्या बाजूस, ४४,१०० मापे. एका सेकंदाचे ७५ भाग केलेले, म्हणून एका भागात ५८८ मापांच्या जोड्या. ही ओळ आरंभापासून अखेरपर्यंत सलग जाते. मग गाणी कोठे आहेत? ती आहेत आतल्या काठाशी लिहिलेल्या एका यादीत. पहिले गाणे अमुक भागापासून, दुसरे तमुक भागापासून, असे जास्तीत जास्त ९९ पर्यंत. यादी पुसली तर आवाजाला काही होत नाही, फक्त गाणी नाहीशी होतात. गावाची जमीन सलग असावी आणि शेतांच्या हद्दी तलाठ्याच्या दप्तरात असाव्या, तसे हे झाले.

ह्या दप्तरात एक मोठी उणीव राहिली. त्यात वेळा होत्या, नावे नव्हती. गौहर जानच्या आवाजात जे होते ते ऐंशी वर्षांनंतरच्या ह्या अद्ययावत तबकडीत नव्हते. सीडीवरच नावे लिहिण्याची सोय १९९६ मध्ये निघाली, पण ती सार्वत्रिक झाली नाही. लोकांनी मात्र आपली वाट काढली. १९९० च्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी अशी युक्ती योजिली की, गाण्यांच्या आरंभाच्या वेळांवरूनच सीडीचा एक ओळखक्रमांक काढावयाचा आणि तो एका सामायिक सूचीत शोधावयाचा. सूचीत नसेल तर ज्याच्या हाती सीडी आहे त्याने नावे टंकून पाठवावयाची. हजारो हौशी लोकांनी रात्री जागून हे फुकट केले. पुढे ती सूची एका कंपनीची मिळकत झाली. ज्यांनी ती भरली त्यांच्यापैकी अनेकांस हे सलले, आणि ‘फ्रीडीबी’ ही मुक्त सूची निघाली. तीही २०२० मध्ये बंद पडली. ‘म्युझिकब्रेन्झ’ ही दुसरी लोकसूची आज चालू आहे. ध्वनीचे मालक कोण हा वाद जुना आहे. नावांचे मालक कोण हा वाद ह्या निमित्ताने नव्याने उभा राहिला, आणि आमची सहानुभूती टंकणाऱ्यांच्या बाजूस आहे.

एक लक्षात घ्यावे. येथे हद्दीवरूनच वस्तूची ओळख पटते आहे. हद्दी हलल्या तर सूची सीडीला ओळखीत नाही. म्हणूनच ज्यांना सीडी जशीच्या तशी उतरवून ठेवावयाची होती त्यांनी एकेक गाणे वेगळे न उतरविता सगळी ओळ सलग उतरविली, आणि हद्दींची यादी बाजूला साध्या मजकुरात लिहून ठेवली. जेफ आर्नल्ड यांच्या ‘सीडीआरविन’ ह्या प्रणालीसाठी ही लेखनपद्धत सिद्ध झाली. तीच क्यू शीट.

तासभराची ती सलग ओळ म्हणजे सुमारे ६३५ मेगाबाइट. एवढे बोजड गाठोडे सांभाळावयाचे तर दाबणे आले. जॉश कोल्सन यांनी २००१ मध्ये फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे मर्म सोपे आहे. आधीच्या मापांवरून पुढचे माप काय असेल त्याचा अंदाज बांधावयाचा आणि फक्त अंदाज किती चुकला तेवढे लिहून ठेवावयाचे. अंदाज चांगला असला की चूक लहान, आणि लहान आकड्याला जागा थोडी. लहान आकडे आटोपशीर लिहिण्याची ही रीत रॉबर्ट राइस यांनी १९७१ च्या सुमारास अंतराळयानांच्या चित्रांसाठी मांडली होती. उलगडताना अंदाज आणि चूक मिळवली की मूळ आकडा परत. एकही कण इकडचा तिकडे नाही. शिवाय मूळ ध्वनीची एक अंकरूप खूण फाइलीच्या आरंभी लिहिलेली असते. उलगडून ताडून पाहावे.

हे ध्यानी आले म्हणजे तुकडे पाडण्याचे काम कसे असावे ते आपोआप कळते. फाइल उलगडावयाची, चिठ्ठीतल्या वेळांवर आकड्यांची ओळ तोडावयाची आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फ्लॅकमध्येच दाबावयाचा. नीट केले तर ते तुकडे ओळीने जोडले असता मूळ ध्वनी आकड्याला आकडा जुळतो. एमपीथ्री पद्धतीत तसे होत नाही. तेथे आवाज ११५२ मापांच्या ठरीव चौकटीत बसविलेला असतो, दोन्ही टोकांस थोडी शांतता भरली जाते, आणि सलग चाललेल्या संगीतात प्रत्येक हद्दीवर एक बारीक उचकी येते. ज्याला फ्लॅक मिळाली आहे त्याने ती कापण्याच्या सोयीसाठी एमपीथ्री करू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो.

चिठ्ठी वाचताना एक फसगत नेहमी होते. वेळ तीन जोड्यांत लिहिलेली असते: मिनिटे, सेकंद आणि तिसरी जोडी. ही तिसरी जोडी शतांशांची नव्हे, पंचाहत्तरांशांची आहे. ती ७४ पर्यंतच जाते. तेथे ५० लिहिले असेल तर तो अर्धा सेकंद नव्हे, दोनतृतीयांश. कोणी ह्या वेळा दशांशात उतरवून हाताने कापतो आणि मग प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी आधीच्या गाण्याचे शेपूट का येते म्हणून यंत्राला दोष देतो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या फितवाल्यांनी शिकविली. ‘ग्रेटफुल डेड’ नावाची एक वादकमंडळी होती. श्रोत्यांनी त्यांचे जलसे मुद्रित करावे ह्यास त्यांची हरकत नसे. १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी निराळी जागा राखली जाई. ह्या फिती श्रोते एकमेकांना पैसे न घेता देत. पुढे संगणक आले तेव्हा टोनी रॉबिन्सन यांच्या ‘शॉर्टन’ पद्धतीने, आणि नंतर फ्लॅकने, तीच देवघेव चालू राहिली. २००२ पासून त्याचा मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हमध्ये सर्वांस खुला आहे. ही मंडळी जलसा गाण्यागाण्यांत कापून सीडीवर उतरवीत, आणि सलग वादनात मधेच टक् असा आवाज येई. कारण असे निघाले की, कापणाऱ्याने कोठेही कापले होते, आणि सीडीला तर ५८८ मापांचा पुरा भागच लागतो. शेवटचा भाग अपुरा राहिला की उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. ती शून्ये कानाला टोचतात. म्हणून कात्री नेहमी ५८८ च्या पटीतच चालवावी असा दंडक त्यांच्यात पडला, आणि ‘एसएचएन टूल’ नावाचे जे अवजार ह्या कामी पुष्कळांच्या हाती असते त्यात असे चुकलेले काप दुरुस्त करण्याची सोयही आहे. आम्हांस त्याहून त्यांची दुसरी चाल भावते. दोन गाणी न थांबता एकमेकांत मिसळली असतील तर यादीत त्यांच्यामध्ये ते बाणाच्या टोकासारखी खूण करतात. कापले तर आहे, पण येथे मुळात सांधा नव्हता, हे पुढच्याला कळावे म्हणून.

आपल्याकडे अशा खुणेची फार गरज आहे. महाराष्ट्रात असे कितीतरी घर आहे जेथे मैफलींच्या फिती व कॅसेटी कपाटात पडून आहेत. त्या आता संगणकात उतरविल्या जात आहेत, आणि उतरविणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, ह्याचे ‘ट्रॅक’ कोठे पाडू? चीज पालटली, विलंबितातून द्रुतात गेले, ठेका बदलला, की तेथे कात्री. यंत्राला सांगितले तर ते शांततेच्या जागा शोधून कापते. आणि मैफलीत शांतता कोठे असते? तानपुरा तर अखंड चालू. यंत्र बिचारे गवई श्वास घेतो तेथे कापते, किंवा टाळ्या पडल्या की गाणे संपले असे समजते. बडा ख्याल आणि त्याला जोडून येणारा छोटा ख्याल ह्या दोन गोष्टी आहेत की एक? लाखेच्या तबकडीने पूर्वी दोन केल्या, कारण तिचा नाइलाज होता. आपला नाइलाज नाही. ज्यावर कसलीही मर्यादा नाही अशा माध्यमात आपण जुन्या मर्यादेच्या सवयीने कापीत असू, तर ती सवय एकदा तपासून पाहिली पाहिजे.

आमचे मत असे की मूळ मैफल सलगच ठेवावी, फ्लॅकमध्ये ठेवावी, आणि हद्दी चिठ्ठीत लिहाव्या. चिठ्ठीतली हद्द चुकली तर खोडता येते. ऐकण्यासाठी, कोणाला देण्यासाठी तुकडे हवे असतील तर ते नकलेतून पाडावे. चिठ्ठी वेगळी असल्याने हरवते, हा आक्षेप रास्त आहे. फ्लॅकच्या पोटात अशी यादी ठेवण्याचा एक कप्पाही आहे. पण तो सीडीच्याच वळणावर बेतलेला असल्याने त्यात वेळा मावतात, नावे मावत नाहीत. नावांना दुसरा कप्पा आहे, आणि त्यात देवनागरी बिनधोक लिहिता येते. सुट्या चिठ्ठीचे मात्र जपावे. प्रत्येक संगणकाची लिपी निराळी होती त्या काळातली ही पद्धत. चिठ्ठी यूटीएफ-८ मध्ये जतन केली नाही तर ‘मारवा’ लिहिलेले उद्या कोणाच्या पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हे होऊन उमटेल. रागाचे नाव, साथीला कोण होते, मैफल कोठे व कोणत्या साली झाली, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. फीत आणखी काही वर्षे दम धरील. त्यांना आताच विचारावे लागेल.

राहता राहिला तानपुरा जुळविण्याचा आणि बोलण्याचा भाग. गवई थांबतो, पाणी घेतो, तबलजी हातोडी उचलतो, आणि पुढच्या रागाचे नाव गवयाच्याच तोंडून ऐकू येते. हे कोठे घालावे? त्याची सोय त्या चिठ्ठीत आधीपासूनच आहे, पण फार थोडे तिचा उपयोग करतात. प्रत्येक ट्रॅकला दोन वेळा देता येतात: शून्य क्रमांकाची खूण आणि एक क्रमांकाची खूण. ह्या दोहोंमधला भाग सीडी ओळीने ऐकताना वाजतो, आणि थेट त्या गाण्यावर गेले तर वगळला जातो. जुळवणी आणि बोलणे नेमके ह्या फटीत बसते. फक्त तुकडे पाडताना अवजाराला बजावून सांगावे लागते. कारण बहुतेक अवजारे ही फट आधीच्या गाण्याच्या शेवटी चिकटवितात, आणि मग यमनाच्या फाइलीच्या शेपटाला, आता बागेश्री ऐकवितो, हे शब्द लोंबत राहतात. ते शब्द बागेश्रीच्या डोक्यावर असले पाहिजेत.